भीमगीतांची एमपीथ्री सीडी : आवाज घरोघरी गेला, कवीचे नाव कुठे गेले?

आंबेडकरी चळवळीचा इतिहास लिहिताना सभा मोजल्या जातात, मोर्चे मोजले जातात, निवडणुका आणि पक्षफुटीही मोजल्या जातात. गाणे मात्र कोणी मोजत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजात बाबासाहेबांचा विचार आधी कानाने पोहोचला आणि मग डोळ्याने. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादा कर्डकांच्या गीतांपर्यंत आणि गावोगावच्या गायन पार्ट्यांपर्यंत हीच परंपरा आहे. या परंपरेतला एक अगदी अलीकडचा आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिलेला टप्पा म्हणजे २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत वस्त्यावस्त्यांत पसरलेली एमपीथ्री सीडी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. या सीडीने भीमगीतांवरचा कंपन्यांचा ताबा मोडला, ही मोठी गोष्ट झाली. पण त्याच सीडीने गीतकाराचे नाव गाण्यापासून तोडले, ही त्याहून मोठी हानी झाली. आणि आज त्या सीड्या स्वतःच मरत असल्यामुळे हा प्रश्न आठवणींचा राहिलेला नाही, तो घाईचा झाला आहे.

दारावरचा पहारेकरी

तबकडीच्या काळात गाणे ध्वनिमुद्रित करणे ही भांडवलवाल्या कंपनीच्या हातातली गोष्ट होती. भारतात या धंद्यावर कित्येक दशके ग्रामोफोन कंपनीचे, म्हणजे लोकांच्या भाषेत एचएमव्हीचे, वर्चस्व होते. कोणाचा आवाज तबकडीवर उमटेल आणि कोणाचा गावच्या चौकातच विरून जाईल, हे कंपनी ठरवत असे. जो समाज ग्राहक म्हणूनही मोजला जात नव्हता, त्याच्या गायकाला या दारात किती जागा मिळणार?

१९८० च्या दशकात कॅसेटने हे दार किलकिले केले. कॅसेट काढायला मोठा कारखाना लागत नव्हता. टी-सिरीजसारख्या कंपन्या स्वस्त कॅसेट घेऊन उतरल्या, त्यांच्या मागून छोट्या कंपन्या आल्या, आणि भीमगीतांना बाजारात जागा मिळाली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे हे आवाज टेपरेकॉर्डरमधून घरात आले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत कर्णा वाजू लागला, तो याच कॅसेटच्या जोरावर.

पण कॅसेटलाही मर्यादा होत्या. साठ मिनिटांच्या कॅसेटवर दहा-बारा गाणी बसत. एका कॅसेटवरून दुसरी भरायची तर घुरघुर वाढत जाई. तिसऱ्या-चौथ्या प्रतीत गायकापेक्षा फीतच जास्त ऐकू येई. शिवाय कॅसेटची विक्री मंदावली की कंपनी ती काढणे बंद करी. मग ते गाणे ज्याच्या घरी असेल त्याच्याच घरी उरे, आणि ती फीत एक दिवस टेपरेकॉर्डरमध्ये गुंतून तुटे.

सीडी ‘राईट’ करून मिळेल

इथे दोन तंत्रे एकत्र आली. पहिले तंत्र कोऱ्या सीडीचे. कंपनीची छापील सीडी साच्यातून निघते आणि तिच्यावर सूक्ष्म खड्डे उमटलेले असतात. कोऱ्या सीडीत मात्र रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. राईटरमधला लेसर किरण तो थर जागोजागी तापवून त्याचा रंग बदलतो, आणि प्लेयर त्या डागांना खड्डे समजून वाचतो. इंग्रजीत या कामाला ‘जाळणे’ म्हणतात. आमच्या चळवळीत जाळणे म्हटले की २५ डिसेंबर १९२७ चे महाड आठवते; इथे मात्र जाळूनच लिहिले जात होते. आपल्याकडे लोक त्याला सरळ ‘सीडी राईट करणे’ किंवा ‘सीडी मारणे’ म्हणत.

दुसरे तंत्र एमपीथ्रीचे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी विकसित केलेल्या या पद्धतीत, माणसाच्या कानाला एका मोठ्या आवाजाखाली दबलेले जे बारीक आवाज जाणवत नाहीत, ते गाळून टाकले जातात. १९९५ मध्ये या फाइलींना एमपीथ्री हे शेपूट मिळाले. साध्या सीडीच्या दर्जाचा एक मिनिट आवाज सुमारे दहा एमबी जागा खातो. तोच १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत जेमतेम एक एमबीत बसतो.

हिशेब करून पाहा. साध्या ऑडिओ सीडीवर ७४ किंवा ८० मिनिटे, म्हणजे पाच मिनिटांची पंधरा-सोळा गाणी. त्याच ७०० एमबीच्या सीडीवर एमपीथ्री भरली तर सुमारे बारा तास, म्हणजे दीडशेच्या आसपास गाणी! दहा-बारा कॅसेटी एका चकतीत. नोएडाच्या मोझर बेअरसारख्या कंपन्या देशातच कोऱ्या सीडींचे प्रचंड उत्पादन करू लागल्यावर ही चकती दहा-पंधरा रुपयांत मिळू लागली. स्वस्त डीव्हीडी प्लेयरही एमपीथ्री वाचू लागले.

हे काम कोणी केले? कंपनीने नाही, विद्यापीठाने नाही, सरकारने तर नाहीच. सायबर कॅफे चालवणाऱ्या, संगणक दुरुस्त करणाऱ्या, झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्या पोरांनी केले. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर काढायची, ती संगणकाच्या साउंड कार्डात खोचायची, कॅसेट लावायची आणि ती संपेपर्यंत बसून राहायचे. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे लागत, त्याला दुसरा मार्ग नव्हता. मग गाणी कापायची, एमपीथ्रीत बदलायची, आणि नीरो नावाच्या सॉफ्टवेअरमधून सीडी राईट करायची. सीडी लिहीत असताना माहितीचा ओघ मध्येच तुटला तर जुन्या राईटरमध्ये ती सीडी बाद होई. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. त्यामुळे सीडी पूर्ण होईपर्यंत दुकानदाराचा जीव टांगणीला असे.

या कष्टांतून तयार झालेल्या सीड्या नागपूरच्या दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर, १ जानेवारीला भीमा कोरेगावला पुस्तकांच्या स्टॉलांशेजारी मांडल्या गेल्या. विदर्भातला माणूस मुंबईचे गायक घेऊन गेला आणि मराठवाड्यातला माणूस नाशिकचे. ज्या गायन पार्टीचा आवाज दोन तालुक्यांपलीकडे गेला नव्हता, तो परजिल्ह्यातल्या विहारात वाजला. बाबासाहेबांची १९५५ ची बीबीसीची मुलाखत आज आपण मोबाईलवर सहज ऐकतो, पण डिजिटल फाइल हाती येण्यापूर्वी त्यांचा प्रत्यक्ष आवाज ऐकायला मिळणे ही सामान्य माणसासाठी दुर्मीळ गोष्ट होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

म्हणून ‘पायरसी’ हा एकच शब्द फेकून या इतिहासाचा निकाल लावणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. कंपनीने ज्या कॅसेटी काढणेच बंद केले होते, त्यांतली गाणी जगली असतील तर ती या अनामिक पोरांमुळे.

पण गीतकार कोण?

आता दुसरी बाजू. आपल्या घरात अशी एखादी जुनी सीडी असेल तर ती उघडून पाहा. फाइलींची नावे काय दिसतात? ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’, ‘भीमगीत ४७’. फार तर गाण्याचे पहिले दोन शब्द रोमन लिपीत. नशीब चांगले असेल तर गायकाचे नाव. गीत कोणी लिहिले? चाल कोणी बांधली? ढोलकीवर कोण होते? काहीच नाही.

हे कसे घडले, ते नीट समजून घेतले पाहिजे. कॅसेटच्या डबीत एक दुमडलेला कागद असायचा. त्यावर बारीक अक्षरात का होईना, गीतकार, संगीतकार, गायक यांची नावे छापलेली असत. कॅसेट संगणकात भरली गेली तेव्हा आवाज आत गेला, कागद बाहेर राहिला. नव्या सीडीच्या वेष्टणावर बाबासाहेबांचे आणि तथागतांचे चित्र आले, खाली ‘१५० गाणी’ असा आकडा आला. दीडशे गीतकारांची नावे तिथे मावणार तरी कुठे?

फाइलीतही नावासाठी जागा होती, पण ती जागा ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांसमोर आपले गाणे नव्हते. एमपीथ्री फाइलीच्या शेवटी १२८ बाइटची एक चिठ्ठी जोडायची पद्धत १९९६ मध्ये आली. तिच्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरे, गायकाला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, आणि गाण्याच्या प्रकारासाठी एक आकडा. गीतकाराचा रकानाच नाही! प्रकारांच्या मूळ ८० जणांच्या यादीत रॉक होते, जॅझ होते, डिस्को होते. ‘लोकगीत’ हा प्रकारसुद्धा विनॅम्पवाल्यांनी नंतर जोडला. १९९८ मध्ये या चिठ्ठीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात गीतकार आणि संगीतकार यांना स्वतंत्र रकाने मिळाले. पण तोवर सवय पडली होती, आणि ते रकाने बहुतेक फाइलींत रिकामेच राहिले.

याचा परिणाम विषम झाला, हे विशेष. वामनदादांचे नाव टिकले. ते टिकले कारण ‘वाटचाल’, ‘मोहळ’ असे त्यांचे संग्रह छापले गेले, आणि दुसरे म्हणजे ते आपल्या अनेक गीतांत शेवटी ‘वामन’ हे नाव गुंफत असत. ही आपली फार जुनी रीत आहे. चोखोबांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव ठेवले, सोयराबाईंनी ठेवले, महात्मा जोतीराव फुल्यांनी आपल्या अखंडांत ठेवले. ज्याच्या हातात छापखाना नाही, कागद नाही, त्याने आपले नाव गाण्याच्या पोटातच लपवून पुढच्या पिढीकडे पाठवले. कागद हरवला तरी गळा नाव सांगेल, अशी ती व्यवस्था होती. अक्षरशत्रू व्यवस्थेला आपल्या पूर्वजांनी दिलेले ते उत्तर आहे.

पण ज्या गीतकाराने नाममुद्रा घातली नाही, किंवा ज्याच्या गाण्याचे शेवटचे कडवे वेळ वाचवण्यासाठी कापले गेले, त्याचे काय? त्याचा संग्रह छापलेला नाही, कॅसेटचा कागद गेला, फाइलीत रकाना रिकामा. तो गीतकार इतिहासातून बाद झाला. त्याचे गाणे आजही जयंतीला वाजते. लोक म्हणतात, ‘वामनदादांचेच असेल’. यात वामनदादांचा मोठेपणा वाढत नाही, आणि दुसऱ्या एका भीमसैनिकाचे आयुष्यभराचे काम मात्र पुसले जाते.

‘नाव कशाला हवे?’

यावर चळवळीतलेच काही कार्यकर्ते म्हणतात की गाणे समाजाचे आहे, नावाचा हट्ट कशाला? कवीने समाजासाठी लिहिले, प्रसिद्धीसाठी नाही. ऐकायला हे फार उदात्त वाटते. आम्हाला ते मान्य नाही.

पहिले कारण असे की नाव पुसले जाणे हा आपल्यासाठी निरुपद्रवी अपघात नाही. कष्ट आमचे आणि नाव दुसऱ्याचे, कला आमची आणि शास्त्र दुसऱ्याचे, हेच तर जातिव्यवस्थेने केले. ढोलकी, हलगी, तमाशा, लावणी यांचे निर्माते अनामिक राहिले, आणि त्यांच्यावर प्रबंध लिहिणाऱ्यांची नावे मात्र ग्रंथालयात लागली. बिननावाच्या गाण्यावर ‘पारंपरिक’ असा शिक्का बसतो, आणि ‘पारंपरिक’ म्हणजे कोणीही उचलावे असे.

दुसरे कारण पोटाचे आहे. एकरकमी चार पैसे घेऊन गीते कंपनीला देऊन टाकणे ही या धंद्यातली नेहमीची रीत होती. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने राखला गेला. तो वाटा आता कंपनीच्या नावावर लिहून देता येत नाही. शिवाय त्याच कायद्याच्या कलम ५७ नुसार, सगळे हक्क विकले तरी ‘हे मी लिहिले’ असे सांगण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो, आणि त्याच्या मागे वारसांना तो बजावता येतो. गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे गीतावर कॉपीराइट असतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. म्हणजे त्यांच्या गीतांचा हक्क २०६४ पर्यंत जिवंत आहे. पण हक्क बजावायचा तर पुरावा लागतो. ‘ट्रॅक ०७’ हा पुरावा होत नाही. आज यूट्यूबवर ज्याने मूळ ध्वनिफीत आपली म्हणून नोंदवली, त्याचा दावा यंत्र आपोआप लावते. उद्या गीतकाराच्या नातवाने आजोबांचे गाणे चढवले आणि त्याच्यावरच दावा लागला, तर तो काय दाखवणार?

इथेच ‘पायरसीने गाणी वाचवली’ एवढ्यावर थांबणाऱ्यांशीही आमचा मतभेद आहे. कंपनीने गीतकाराला पैसा दिला नाही, हे खरे. स्टॉलवरच्या सीडीनेही दिला नाही. कंपनीच्या कागदावर निदान नाव होते, सीडीवर तेही उरले नाही. प्रस्थापितांची मक्तेदारी मोडली म्हणून आपल्याच कष्टकरी कलावंताच्या नावाची किंमत शून्य होत नाही.

नाव नोंदवता येते, याचा पुरावा

हे अशक्य काम होते काय? मुळीच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या मोठ्या संख्येने आहेत. दळणारी बाई कोण, तिचे गाव कोणते, तालुका कोणता, हे तिथे ओवीसोबत नोंदलेले आहे. तो संग्रह आज ‘परी’ या संकेतस्थळावर गायिकांच्या नावांसह ऐकता येतो. निरक्षर ठरवल्या गेलेल्या बाईचे नाव तिच्या दोन ओळींच्या ओवीला चिकटून राहू शकते, तर जयंतीच्या मंचावर रात्रभर जागलेल्या शाहिराचे का राहू नये?

बाबासाहेबांच्या लेखनाचेही उदाहरण समोर आहे. वसंत मून यांनी कागदपत्रे शोधून, लावून, संपादित केली म्हणून १९७९ पासून महाराष्ट्र शासनाचे खंड निघू शकले. लिहिलेल्या शब्दासाठी चळवळीने सरकारशी भांडण केले. गायलेल्या शब्दाला मात्र कोणाच्या तरी दुकानातल्या हार्ड डिस्कच्या भरवशावर सोडले गेले.

सीडीचे आयुष्य संपत आले आहे

कोऱ्या सीडीतला रंगद्रव्याचा थर कायमचा नसतो. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो खराब होतो. वरच्या, म्हणजे छापील बाजूचे संरक्षण फारच पातळ असते. तिथला ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा घातक, कारण त्याखालीच लेसर किरण परावर्तित करणारा चमकदार थर असतो. पत्र्याच्या छपराखाली, खिडकीजवळ, दूरदर्शन संचाच्या डोक्यावर पडलेल्या सीड्यांची काय अवस्था असेल, ते सांगायला नको. आणि सीडी शाबूत असली तरी ती वाचणार कशावर? नव्या लॅपटॉपांत सीडी ड्राइव्ह येतच नाही. मधल्या काळात गाणी मेमरी कार्डावर गेली, मग यूट्यूबवर. तिथे जे लोकप्रिय ते वर येते. ज्या गायन पार्टीची एकच सीडी निघाली, ती तिथे असेलच असे नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांपुढे आम्ही काही ठोस कामे ठेवतो.

एक, या जयंतीला आपल्या वस्तीतल्या जुन्या सीड्या आणि कॅसेटी गोळा करा. यूएसबीला जोडायचा बाहेरचा सीडी ड्राइव्ह फार महाग नसतो. एका विहारात एक पुरतो. सीडीतल्या फाइली आहेत तशा उतरवा. त्या पुन्हा लहान करू नका, कारण प्रत्येक वेळी एमपीथ्री करताना आवाज आणखी गळतो. हलगी-ढोलकीचा टणक घाव कमी बिटरेटवर पसरट होतो, तो मागून दुरुस्त करता येत नाही.

दोन, कॅसेट सापडली तर आधी तिच्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. आवाज कदाचित दुसरीकडे मिळेल, तो कागद मिळणार नाही.

तीन, गाणी वस्तीतल्या वयस्कर गायकांना, वादकांना, जलसा पाहिलेल्या आयाबायांना ऐकवा. ‘हे कोणी लिहिले? कुठे गायले? पेटीवर कोण होते?’ असे विचारा. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीखही नोंदवा. दोघांनी वेगवेगळी नावे सांगितली तर दोन्ही लिहा, आपल्या मनाने निकाल देऊ नका.

चार, फाइलीतला गीतकाराचा रकाना देवनागरीत भरा. सोबत एक साधा तक्ता ठेवा : गाणे, गीतकार, गायक, संगीतकार, गाव, मूळ कॅसेट. या सगळ्याच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा.

पाच, गीतकार हयात असेल किंवा त्याचे कुटुंब सापडले, तर आधी त्यांना भेटा. सार्वजनिक करण्यापूर्वी त्यांची संमती घ्या, आणि रॉयल्टीसाठी नोंदणी करायला मदत करा. संग्रह त्यांच्यासाठी आहे, त्यांच्यावर उपकार म्हणून नाही.

दुकानात बसून रात्री जागवणाऱ्या त्या पोरांनी अर्धे काम केले. आवाज मरू दिला नाही. उरलेले अर्धे काम, म्हणजे त्या आवाजामागच्या माणसाला त्याचे नाव परत देणे, या पिढीचे आहे. येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीत जे पहिले गाणे वाजेल, त्याच्या आधी माइकवरून गीतकाराचे नाव पुकारा. नाव माहीत नसेल तर तेही पुकारा, आणि ज्याला माहीत असेल त्याला मंचाजवळ बोलवा. सुरुवात तिथून होऊ शकते.

जय भीम!